कामोठे ते सानपाडा, एका कलेजीसाठी

मेधाचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं. रक्त कमी. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि म्हणाले, चालत असेल तर आठवड्यातून एकदा थोडी बकऱ्याची कलेजी द्या. मेधा, माझी बायको, मटण खाते, कलेजी ताटाच्या कडेला ठेवते. ताजी मिळाली तर खाईल, असं मला वाटलं. शेजाऱ्यांनी सानपाडा गावातलं एक मटणाचं दुकान सुचवलं.

रविवारी साडेसहाला स्कूटर काढली. सायन-पनवेल हायवे त्या वेळी मोकळा असतो. अर्ध्या तासात पोचलो. माझ्यापुढे दोघं होते, मागे बघता बघता दहा जण झाले.

नंबर आल्यावर म्हणालो, अख्खी कलेजी द्या.

खाटकाचा सुरा थांबला. रविवारी एका बकऱ्याची कलेजी सगळ्यांत वाटली जाते, अर्ध्या किलो मटणामागे एक तुकडा. हे कुठे लिहिलेलं नसतं.

"अख्खी? आनि आमी काय खावाचं?" मागच्या काकू म्हणाल्या.

मी कारण सांगितलं. कुणाला पटेना, म्हणून मोबाइलवरचा रिपोर्ट दाखवला. तो रांगेत शेवटपर्यंत गेला. प्रत्येकाने बोटांनी मोठा करून वाचला. एका निवृत्त गृहस्थांनी थायरॉइडही तपासायला सांगितलं. खाटकाने हात पुसून वाचला आणि मान हलवली.

"आज कुनाला कलेजी नाय," काकूंनी जाहीर केलं.

एकजण कुरकुरला. त्याचा जावई जेवायला येणार होता.

"जावय आजारी हाय का? नाय ना? मंग त्याला नळी दे." मग माझ्याकडे वळल्या. "लसनावर परत, शिजली की लगेच उतरव. जास्त ठेवलीस तं चप्पल होईल."

हे वाचून तुम्हालाही अख्खी हवी असेल तर बुधवारी जा. गर्दी नसते, भाव मटणाचाच.

घरी सांगितल्याप्रमाणे केली. मेधाने दोन तुकडे खाल्ले आणि ताट सरकवलं. रविवारी एवढी मिळाली कशी, विचारलं. मी सांगितलं. रिपोर्टचं गाळलं होतं, तेही शेवटी सांगितलं.

"म्हणजे सानपाड्यात सगळ्यांना माहीत आहे."

"दहा-बारा जणांना."

"आणि एकानेही तुकडा घेतला नाही?"

"नाही."

तिने ताट परत पुढे ओढलं.

"आता टाकायची कशी," म्हणाली. चेहरा औषध घेतल्यासारखाच होता.

तपासणी पंधरा दिवसांनी आहे. रक्ताचं तेव्हा कळेल. कढई मात्र तिने पावाने पुसून घेतली.