एका डिस्कचे दोन भाग

आमचे हे गेल्यानंतर महिन्याभरात धाकटे दीर धुळ्यातल्या देवपूरहून आले. जळगावात आमचं डीटीपीचं दुकान होतं, धुळ्यात त्यांचं. आमच्याकडे मॅक, त्यांच्याकडे विंडोज. हे असताना कामाची देवाणघेवाण हेच काहीतरी करून जमवत. आता ते मला एकटीला झेपेना. बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क होती, तिचेच दोन भाग करायचे दिरांनी ठरवलं. एक मॅकसाठी, एक विंडोजसाठी, जो मॅकवरही उघडतो. मग डिस्क एसटीने इकडून तिकडे नेली की काम भागलं.

"पण वहिनी, भाग करताना आतलं बठ्ठं पुसलं जाईल."

डिस्कवर सगळं ह्यांचंच होतं. मॅकमध्ये जागा थोडी शिल्लक होती, तिथे मावेल तेवढंच उतरवता येणार होतं. गिऱ्हाइकांच्या लग्नपत्रिका मी आधी घेतल्या. मग केळीवाल्यांची लेबलं. ह्यांनी आमचे फोटो स्कॅन करून ठेवले होते, ते राहिले.

"फोटो?" दिरांनी विचारलं.

"अल्बममध्ये आहेत."

ह्यांनी नव्या फॉन्टसाठी स्वतः काढायला घेतलेली अक्षरंही होती, अर्धीमुर्धी. ती घेतली. का, ते सांगता येणार नाही.

पडद्यावर सूचना आली. पुसू का, असं विचारत होती. दिरांचा हात माउसवर तसाच राहिला. "वहिनी, माझ्याच्याने नाही होत," म्हणाले आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागले.

मी माउस ओढून घेतला आणि दाबलं. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत गेली. घरी दूध तापवायचं राहिलंय, एवढंच तेव्हा डोक्यात आलं.

मग पडद्यावर दोन रिकामे भाग दिसले. त्यांना नावं द्यायची होती. मी जळगाव आणि धुळे अशी दिली.

घरी सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "रडी ले माय," त्या म्हणाल्या. मी दुधाखालचा गॅस बारीक केला.

दिवस उजाडताच दीर डिस्क टॉवेलात गुंडाळून धुळ्याच्या गाडीत बसले. दुपारी त्यांचा फोन आला. "वहिनी, उघडली. माझा भाग चालतोय. तुमचा भाग इथे दिसतच नाही."

"नाही दिसणार. मॅकचा भाग मॅकवरच दिसतो."

"ठीक ना, वहिनी?"

"ठीक," म्हटलं आणि फोन ठेवला. बाहेर एक गिऱ्हाईक कधीचं उभं होतं, त्याला आत बोलावलं.