अमेरिकन तात्यांची वाकडी घड्याळं

आमच्या तात्यांनी लावलेलं एकही घड्याळ भिंतीवर सरळ नव्हतं. कुठे डावी बाजू खाली, कुठे उजवी. गिरगावापासून परळपर्यंत तीस-चाळीस घरांत तरी त्यांनी विकलेली अमेरिकन घड्याळं टांगलेली होती. त्या घरांत नवा पाहुणा आला की चपला काढून आधी मान तिरकी करून घड्याळाकडे बघे आणि मग यजमानाकडे. तात्यांना त्याचं काही वाटत नसे. "घड्याळ डोळ्यांनी लावत नाहीत, कानांनी लावतात," एवढंच ते सांगत.

त्यात गूढ काही नाही. लंबकाच्या घड्याळाचे दोन ठोके, टिक आणि टक, सारख्या अंतराने पडायला हवेत. एक लवकर आणि एक उशिरा पडू लागला की घड्याळ लंगडतं आणि काही वेळाने थांबतं. चाळीच्या भिंती ओळंब्यात नसतात आणि पन्नास-साठ वर्षांची लाकडी पेटीही कुठेतरी पिळलेली असतेच. म्हणून पेटी खिळ्यावर अडकवायची आणि खालच्या टोकाला धरून केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत राहायची. ठोका जुळला की हात काढायचा. मग ते दिसायला कसंही असो.

तात्या म्हणजे माझे सख्खे काका. वडील गेल्यावर मी नवव्या वर्षी रत्नागिरीहून त्यांच्याकडे गिरगावात आले, ती लग्न होईपर्यंत तिथेच राहिले. त्यांना मूलबाळ नव्हतं. चाळीतल्या दोन खोल्या, त्यात तात्या, काकू, मी आणि भिंतीवर कधी पाच तर कधी नऊ घड्याळं. काकू त्यांना आपल्या सवती म्हणायची. "अहो, सवतींना तेल घालून झालं असेल तर माझ्या बरणीतलंही संपलंय म्हटलं," असं ती स्वयंपाकघरातून ओरडे. तात्या त्यावर शांतपणे म्हणत, "त्या आठवड्यातून एकदाच चावी मागतात. तुझं रोजचं आहे."

मुंबई आणि रत्नागिरी सोडून हा माणूस कुठे गेलेला नव्हता, पण चाळीत त्यांचं नाव अमेरिकन तात्या. समोरचे पेडणेकर रोज सकाळी गॅलरीत दात घासता घासता विचारत, "काय अमेरिकन, तिकडे किती वाजले?" तात्या म्हणत, "तिकडे अजून काल चालू आहे." हा विनोद मी किमान दहा वर्षं ऐकला. दोघांनाही रोज हसू येई.

हा नाद लागला तो कॉटन ग्रीनला. तिथे एका कापसाच्या गोदामात ते कारकून होते. मालकाने विजेचं घड्याळ आणलं आणि जुनं अमेरिकन घड्याळ भंगारात टाकायला सांगितलं. आठकोनी तोंडाचं, खाली लंबक दिसायला छोटी काच, काचेवर आतून रंगवलेली फुलं. तात्यांनी ते मागून घेतलं आणि मांडीवर घेऊन ट्राममध्ये बसले. कंडक्टर म्हणाला, "याचं तिकीट?" तात्यांनी खरंच अर्धं तिकीट काढलं. पुढे ते जुन्या पेढ्यांतून, बंद पडलेल्या बंगल्यांतून, पारशी म्हाताऱ्यांच्या माळ्यांवरून अशी घड्याळं शोधून आणू लागले. साफ करायची, चालती करायची, महिना-दोन महिने आमच्या भिंतीवर पारखायची आणि मग विकायची.

त्यांचा एक नियम होता. एका घड्याळाचं यंत्र दुसऱ्याच्या पेटीत ते कधी घालत नसत. जुन्या बाजारातला एक व्यापारी अशी जुळणी करूनच विकायचा. तो आमच्याकडे येई, भिंतीवर नजर फिरवी आणि म्हणे, "तात्या, सगळी एकदम द्या. एवढी पायपीट कशाला करता?" तात्या त्याला चहा देत, घड्याळ देत नसत. तो निघून गेला की म्हणत, "हा एकाची आतडी दुसऱ्याच्या पोटात घालतो." दुसरा नियम असा की विकलेलं घड्याळ गिऱ्हाइकाच्या घरी स्वतः जाऊन लावायचं. हे दोन नियम पाळून कुणी श्रीमंत होत नाही. तात्याही झाले नाहीत.

दिवाळीनंतरचा आठवडा त्यांच्या धावपळीचा. साफसफाईत घरोघरच्या बायका घड्याळ पुसत आणि पुसताना हमखास सरळ करून ठेवत. भाऊबीजेपर्यंत निम्मी घड्याळं थांबलेली असत. मग तात्या पिशवी घेऊन घरोघर फिरत आणि ती पुन्हा वाकडी करून येत. एकदा मी बरोबर होते. ठाकुरद्वारच्या एक वहिनी म्हणाल्या, "तात्या, चारचौघांत वाकडं दिसतं हो. नवऱ्याने प्यायलेला असताना लावलं असं वाटतं लोकांना." तात्या चकलीचा तुकडा मोडत म्हणाले, "मग लोकांना सांगा, विकणाऱ्याने प्यायलेला असताना लावलं. पण सरळ करू नका." पुढच्या दिवाळीला वहिनींनी ते सरळ केलंच.

याच सुमाराला संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. रोज कुठे सभा, कुठे मोर्चा. प्रभातफेऱ्या निघत, गॅलऱ्यांतून घोषणा चालत, भांडी वाजत. सगळं गिरगाव घसा बसेपर्यंत ओरडत होतं आणि एकमेकांशी साधं बोलतानाही आवाज चढलेलाच असे. त्या गोंगाटात एका माणसाला कमी ऐकू येऊ लागलंय हे कुणाच्या लक्षात येणार? तात्या एकही सभा चुकवत नसत. परत आल्यावर मात्र भाषणाबद्दल अवाक्षर काढत नसत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचून झालं की मग त्यांना मतं फुटत. याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी टेलिफोन ऑपरेटर होते, दिवसभर कानाला यंत्र लावून बसायचे. मला तरी कळायला हवं होतं.

कळलं ते हरताळाच्या दिवशी. आदल्या दिवशी शहरात गोळ्या चालल्या होत्या आणि मागच्या चाळीतला एक मुलगा घरी परतला नव्हता. ट्राम बंद, बस बंद, दुकानं बंद, गिरण्या बंद. फेरीवाला नाही, घोषणाही नाहीत. लोक खाली बघत हळू बोलत होते. भर दुपारी आमच्या खोलीत फक्त सात घड्याळांचा आवाज होता. तात्या भिंतीसमोर स्टुलावर बसलेले. मधलं घड्याळ लंगडत होतं, अगदी स्पष्ट. मी दारातून म्हटलं, "तात्या, मधलं लंगडतंय." ते वळले नाहीत. मी पुन्हा, मोठ्याने म्हटलं. त्यांनी वर बघितलं, पण डावीकडच्या घड्याळाकडे. मग एकेक लंबक निरखत गेले. बिघाड कुठे आहे हे ते डोळ्यांनी शोधत होते.

मी जवळ जाऊन मधल्या घड्याळावर बोट ठेवलं. ते माझ्याकडे बघत राहिले. "दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतो, राहिलंय तेही जाणार. काकूला सांगू नकोस."

सांगण्याची गरज नव्हती. काकूला मी चाचपून पाहिलं तर ती तांदूळ निवडत म्हणाली, "मी काय हौसेने ओरडते होय? लोकांना वाटतं माझा स्वभावच तसा. वाटू दे."

तात्यांची गोदामातली नोकरी तेव्हा संपली होती. त्यांना आता एकच गोष्ट हवी होती. भिंतीवरची ती सात घड्याळं त्यांना चांगल्या घरांत आपल्या हाताने लावायची होती. बहिऱ्या माणसाकडून घड्याळ कोण घेणार? ही गोष्ट बाहेर फुटली असती तर सातही घड्याळं त्या जुन्या बाजारवाल्याकडे गेली असती आणि त्याने ती फोडली असती. हे मला समजत होतं. म्हणून मी त्यांचे कान झाले. रविवारी आम्ही दोघं जायचो. तात्या पेटी सरकवत, मी शेजारी उभी राहून ऐके. ठोका जुळला की मी म्हणायची, "सारखा आहे." माझ्या ओठांवरून त्यांना ते कळे. गिऱ्हाइकांना वाटे, पुतणीला धंदा शिकवतायत. तीन-चार वर्षांत अशी चार घड्याळं लागली. तेवढ्या काळात ते माझ्याशी कामापुरतंच बोलले, पण रविवारी सकाळी माझ्या आधी तयार होऊन बसलेले असत.

पाचवं घड्याळ नायगावच्या बीडीडी चाळीत लावायचं होतं. म्युनिसिपालिटीच्या शाळेतले एक मास्तर होते. तीन वर्षांपूर्वी घरातल्या सगळ्यांनी बौद्ध धर्म घेतला होता. एकाच खोलीत संसार आणि तिथेच चाळीतल्या मुलांची शिकवणी. त्यांनी घड्याळासाठी बुद्धाच्या तसबिरीशेजारची जागा राखून ठेवली होती. "मुलांना वेळेची सवय लागली पाहिजे, तात्या," ते म्हणाले. "आमच्या वाडवडिलांना वेळ दुसऱ्यांनी सांगितली." तात्यांना यातलं किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात हातात घेतले.

त्याच दिवशी साडेचारला दादरहून मंडळी मला बघायला येणार होती. काकूने बजावलं होतं, "साडेतीनला घरात पाहिजेस. घामेजलेलं तोंड घेऊन पोहे द्यायला उभी राहू नकोस." खोलीत मुलं पाढे म्हणत होती, बाहेर नळावर भांडण चाललं होतं. तात्यांनी पेटी सरकवली, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सारखा आहे." तात्यांनी हात काढला. आम्ही चहा घेतला, निघालो.

जिन्याच्या मधल्या वळणावर तात्या थांबले. "स्क्रूड्रायव्हर वर राहिला," म्हणाले आणि परत चढू लागले. स्क्रूड्रायव्हर त्यांच्या खिशातून दिसत होता. मी मागोमाग गेले. त्यांनी मास्तरांना मुलांना गप्प करायला सांगितलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक घड्याळाच्या पेटीला टेकवलं, लाकडी मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. दातांतून हाडांत थोडा ठोका पोचतो, हे त्यांनी कधीतरी एकट्याने शोधून काढलं असणार. मला ठाऊक नव्हतं. ते चांगला पाव तास तसे उभे राहिले. वीस मुलं त्यांच्याकडे बघत होती, एकही हसलं नाही. आता खोली शांत होती आणि घड्याळ लंगडत होतं, हे मलाही ऐकू येत होतं. मग त्यांनी पेटी केसभर उजवीकडे नेली, पुन्हा मूठ दातांत धरली, पुन्हा सरकवली. शेवटी मास्तरांना म्हणाले, "आता झालं. मघाशी माझी चूक झाली."

खाली उतरल्यावर मी काहीतरी बोलू लागले, मुलांचा गोंगाट, नळावरचं भांडण. त्यांनी हाताने थांबवलं.

"मी विचारलं तेव्हा तू ऐकलं नाहीस. काट्यांकडे बघितलंस, किती वाजले ते."

त्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ रुमालाने पुसून तो खिशात ठेवला.

"नीट ऐकू येत नाही म्हणाली असतीस तर मी थांबलो असतो," ते म्हणाले. "चल, उशीर होईल तुला."

मी साडेतीनला घरात होते. दादरच्या मंडळींनी मला पसंत केलं.

पुढच्या रविवारी मी तयार होऊन बसले. तात्या वर्तमानपत्र वाचत होते. मी समोर जाऊन खूण केली, निघायचं का? ते म्हणाले, "तुझं लग्न ठरलंय. कामं असतील." त्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. राहिलेल्या दोन घड्याळांपैकी एक त्यांनी माहीमच्या एका घरी एकट्याने जाऊन लावलं, दातांच्या भरवशावर. आठ दिवसांत ते गिऱ्हाईक घड्याळ परत घेऊन आलं. ते सभ्य गृहस्थ होते, फक्त म्हणाले, "चालत नाही हो." तात्यांनी ते घेतलं, पैसे परत केले आणि त्याच संध्याकाळी जुन्या बाजारवाल्याला निरोप धाडला.

तो हातगाडी घेऊन आला. तात्यांनी दोन्ही घड्याळांचे लंबक काढले, वर्तमानपत्रात गुंडाळले, कुठलं कुणाचं ते पेन्सिलीने लिहिलं. व्यापारी म्हणाला, "कशाला तात्या, मी बघून घेईन." तात्यांनी तरीही लिहिलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत काकू गॅलरीत उभी होती. मग आत येऊन म्हणाली, "गेल्या एकदाच्या." ती हे ओरडून म्हणाली नाही, म्हणजे ते तात्यांसाठी नव्हतं.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळ नुसती दणाणत होती. खाली ढोल, ताशे, लेझीम. पेडणेकर गॅलरीतून गुलाल उधळत होते आणि काकू पेढे वाटत फिरत होती. लोकांनी तात्यांनाही ओढून गॅलरीत आणलं. ते कठड्याला धरून उभे होते, हसत होते, कुणाचे ओठ हलले की मान हलवत होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आठ दिवसांनी माझं लग्न होतं. खाली मिरवणुकीकडे तोंड करून मी म्हटलं, "तात्या, माझं चुकलं. मी ऐकलं नव्हतं." एवढंच. ते मिरवणूक बघत राहिले.

त्यांना ऐकू जाणार नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच मी तेव्हा बोलले. नुसतं तोंड त्यांच्याकडे केलं असतं, तर ओठांवरून त्यांना कळलं असतं.

लग्नानंतर दोन वर्षांनी ते गेले. तोवर मी दर पंधरवड्याला दादरहून जात होते, समोर बसत होते. बाजारहाट, पाहुणे, तब्येत, एवढंच मी पाटीवर लिहायचे. ते एकही शब्द न गाळता वाचत. त्यांचे डोळे शेवटपर्यंत उत्तम होते.