न दिसणाऱ्या उजेडाची गुरगुर

बोराटेसाहेब प्रयोगशाळेत शिरताना डावा डोळा तळहाताने झाकून घेत आणि दारातूनच विचारत, "चालू हाय का?" आतून कुणी "बंद आहे" म्हटलं की मगच हात खाली येई. नवखे हसत, मीही हसलो होतो. मग कळलं, त्यांचा उजवा डोळा आमच्याच लेसरने नेलेला. तो किरण डोळ्यांना दिसत नसे.

शिक्षण पुण्यातलं, जीभ मात्र मोशीची. म्हणत, "राव, वाघ निदान गुरगुरतो. ह्यो न्हाई. त्याला गळा द्यायचाय."

तो गळा म्हणजे भोंग्याची एक पेटी. तिच्यावर लेसरचा किरण पडला की ती वाजायला हवी. पण आधीच्या पेट्या उन्हालाही बोंबलत, म्हणून आमच्या पिंपरीच्या कारखान्यात भोंगा वाजला की बटण बंद करायची सवयच लागलेली. बोराटेंनी आलेल्या उजेडाच्या दोन वाटा केल्या आणि त्या पुन्हा एकत्र आणल्या. लेसर असला तर काळे-उजळ पट्टे उमटत, पेटीतली एक काच सतत हलती ठेवलेली, तिच्याबरोबर ते सरकत, आणि त्या सरकण्यावर भोंगा वाजे. उन्हाचे पट्टेच पडत नसत. "ऊन म्हंजे आठवड्याचा बाजार, जो तो आपल्या चालीनं. लेसर म्हंजे कवायत. पाय एकदम पडत्यात, म्हणून वळखू येतो."

चाचणी मागच्या मैदानात, भर दुपारी होती. सकाळभर पेटी उन्हात गप्प बसली आणि साहेबांनी खुशीत सगळ्यांना चहा पाजला. समोरच्या टोकाला लेसरवर झाकण घातलेलं होतं, निदान आम्हाला तसंच सांगितलं होतं. तेवढ्यात पेटी वाजली.

"ऊन लागलं असेल," म्हणत मॅनेजरांनी सवयीने बटण बंद केलं.

बोराटे हळूच म्हणाले, "उन्हाला ती गुरगुरत न्हाई." मी लेसरकडे वळू लागलो, तसा त्यांचा तळहात माझ्या दोन्ही डोळ्यांवर आला. त्यांचा स्वतःचा उरलेला डोळा उघडाच राहिला. पलीकडे कुणीतरी झाकण काढून लेसर चालू केला होता.

आता त्यांना माझे कान दिसतात, खांदे दिसतात. चेहऱ्याच्या जागी काळा डाग असतो. मी भेटायला गेलो की आवाजावरून ओळखतात, बसवून घेतात आणि दर वेळी तेवढंच विचारतात.

"गुरगुरली हुती ना?"

"होय साहेब," मी म्हणतो. "आधी तीच गुरगुरली."