जाळायला दिलेली कॅसेट

इतक्या वर्षांनंतरही दुपारी डोळा लागला की ती कॅसेट माझ्यासमोर चालू होते.

तेव्हा मी लातूरच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आईवडिलांनी उन्हातान्हात राबून मला त्या खुर्चीपर्यंत पोचवलं, याचं भान सकाळची हजेरी घेताना मला रोज व्हायचं.

विधानसभेची निवडणूक लागली होती. एका उमेदवाराचे प्रचारप्रमुख तक्रार घेऊन आले. त्यांच्या कार्यालयातली एक जुनी व्हिडिओ कॅसेट नाहीशी झाली होती आणि संशय त्यांच्याकडच्या संगणक चालवणाऱ्या तरुणावर होता. प्रचाराची सीडी तयार करणं, गावोगाव फिरणाऱ्या गाडीवरचा पडदा आणि भोंगे सांभाळणं, ही त्याची कामं.

"असं काय आहे त्या कॅसेटमध्ये?"

"भूकंपाच्या आधीची एका गावातली सभा हाय साहेब. आमचे नेते तेव्हा..." ते जरा घुटमळले. "तेव्हा दुसऱ्या पक्षात होते. आज ज्याच्या विरोधात उभे हायत, त्याच्याच खांद्यावर हात टाकून बसलेत स्टेजवर. ही कॅसेट बाहेर गेली तर लोक हसतील आम्हाला."

मी अर्ज ठेवून घेतला, ठाणे डायरीत नोंद केली आणि गुन्हा दाखल करण्याआधी चौकशी करतो म्हणालो. त्याला कारण होतं. त्या तरुणाची नुकतीच सरकारी नोकरीसाठी निवड झाली होती आणि त्याच्या चारित्र्य पडताळणीचे कागद माझ्याच टेबलावर होते. चोरीचा गुन्हा नोंदला गेला असता, तर ती नोकरी हातची गेली असती.

पहिली खबर आणली ती बसस्थानकावरच्या एका ऑटोवाल्यानं. "साहेब, त्यो गडी खेड्यातल्या बायांना पाकिटं देतो. बाया त्याच्या पाया पडायला बघत्यात अन् ह्यो मागं सरकतो. मला तर काय तरी भानगड वाटायली."

आम्ही त्याला बोलावलं. मूळचा माहूरचा. वडील गडाच्या पायथ्याशी नारळ विकायचे. डॉक्टर व्हायला म्हणून लातूरच्या क्लासला आला, तिथं जमलं नाही, मग संगणक शिकला. खिडकीतून डाळमिलचा पिवळसर धुरळा आत येत होता आणि तो खाली मान घालून बसला होता.

"बोल की बाबा! तोंडात गुळणी धरलीस काय?" जमादार ओरडले.

"कॅसेट मी विकली नाही साहेब. खरं सांगून राहिलो."

"मग पाकिटात काय असतंय? पेढे?"

त्यानं मान वर केली. म्हणाला, "साहेब, कॅसेट सापडली तर उन्हात ठेवू नका. फीत खराब होते."

मी त्याला घरी जाऊ दिलं. खोटं बोलणारा माणूस स्वतःला वाचवायला बघतो, हा माझा अनुभव. हा कॅसेटला वाचवायला बघत होता.

उलगडा झाला तो भलत्याच ठिकाणी. मुलीच्या क्लासच्या प्रवेशासाठी फोटो हवे होते, म्हणून आम्ही क्लासच्या गल्लीतल्या स्टुडिओत गेलो. भिंतीवर एका बाजूला भांग पाडून बसलेल्या विद्यार्थ्यांचे फोटो होते. दुसऱ्या बाजूला मात्र निराळेच चेहरे. कुणी मान वळवून बघणारं, कुणी अर्धवट हसणारं, सगळे धुक्यातून पाहावेत तसे अंधुक. प्रत्येकावरून एक पांढरी रेघ गेलेली आणि प्रत्येकामागे एकाच झेंड्याचा कोपरा.

"हे कोण?" मी विचारलं.

"भूकंपात गेलेली माणसं, साहेब," स्टुडिओवाला म्हणाला. "घराबरोबर फोटो बी गाडले गेले. हार घालायला तसबीर न्हाई लोकांकडं. एक जण कॅसेट थांबवून चेहरा काढून आणतो, मी कागदावर उतरवून पाकिटात घालून देतो."

मुलीचे फोटो घ्यायचे राहूनच गेले. मी त्या तरुणाला पुन्हा बोलावलं. या वेळी तो बोलला. सीडीत त्यानं जुन्या सभेतली फक्त गर्दी घेतली होती. पुनर्वसित गावात गाडी उभी करून ती दाखवली, तेव्हा पुढं बसलेली एक बाई उठली, पडद्यापाशी गेली आणि हात लावून म्हणाली, "थांबव रे बाबा, त्यो माझा हाय."

"मग कॅसेट लपवलीस कशाला?"

"सीडी झाली, आता कॅसेट जाळून टाक, असं प्रचारप्रमुख म्हणाले. साहेब, त्यात माणसं आहेत. कशी जाळू?"

"तुझं कोण आहे त्यात?"

"कोणीच नाही."

जमादारांनी त्याच्यापुढं चहा सरकवला.

मी प्रचारप्रमुखांना बोलावून घेतलं. "गुन्हा नोंदवतो. कॅसेट मुद्देमाल म्हणून जप्त होईल. पंचांसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून बघावी लागेल. मग कोर्टात जाईल."

"पंच कोण?"

"कुणी बी चालतंय," जमादार म्हणाले, "समोरच्या पक्षाचे मिळाले तर बघतो."

प्रचारप्रमुखांनी रुमालानं मान पुसली. "अर्ज मागं घेतो साहेब. स्टेज तेवढं पुसून टाका. बाकीच्याचं काय करायचं ते करा."

तसंच ठरलं. दुपारी ठाण्यात टीव्ही आणि व्हीसीआर आणवला. त्या तरुणानं लपवलेली कॅसेट आणून प्रचारप्रमुखांच्या देखत नेत्यांचा भाग पुसला आणि ते निघून गेले. मग उरलेली कॅसेट आम्ही लावली.

भूकंपानंतर त्याच गावात मी बंदोबस्ताला होतो. नवीनच फौजदार झालो होतो. मातीनं माखलेले चेहरे पाहून मरणोत्तर पंचनामे लिहिले होते. आता तीच माणसं झाडाच्या सावलीत दाटीवाटीनं बसली होती. एक बाई पदरानं लेकराचं नाक पुसत होती. दोन म्हातारे तंबाखूवरून भांडत होते. एक पटकेवाला अगदी कॅमेऱ्याजवळ आला आणि विचारू लागला, "ओ, म्या दिसायलाव का ह्यात?" मागचे सगळे हसले. त्यांच्यासमोर आता भाषण नव्हतं, नेता नव्हता. तरी ती माणसं मन लावून कुणाचं तरी ऐकत होती.

पडताळणीच्या कागदावर 'गुन्हा दाखल नाही' असं लिहून मी सही केली. तो तरुण नोकरीवर रुजू झाला.

पोलिसाला माणूस बहुतेकदा त्याच्या वाईट दिवशीच भेटतो. मयत, आरोपी, फिर्यादी. त्याला आधीचे दिवसही होते, हे आमच्या कागदांत कुठंच येत नाही. त्या दुपारनंतर कुठलाही मरणोत्तर पंचनामा लिहायला बसलो की मी आधी घरच्यांना विचारू लागलो, "हसायचे कसे हे?" लोक आधी दचकायचे. मग सांगायला लागायचे.