विमापत्रातली सातवी ओळ

बुरुलची जन्मतारीख, तिच्या छपराचं माप, तिच्या गाईच्या डाव्या शिंगाला गेलेला तडा, तिच्या नवऱ्याचा रक्तदाब, हे सगळं मुकाशला तोंडपाठ होतं. पण तिच्या मयताला लांबून आलेल्या एका पाहुण्याने मयतासाठी उभारलेल्या तंबूबाहेर त्याला विचारलं, "बाई होती कशी हो?" तेव्हा त्याला स्वतःच्या बुटांकडे बघत उभं राहावं लागलं. सत्तावीस वर्षांची ओळख. म्हणजे वर्षातून एकदा, मेंढरं डोंगरावरून खाली उतरली की, चहाच्या दोन वाट्या संपेपर्यंत. सगळी जोडली तर दीड-दोन दिवसांची ओळख भरली असती.

मुकाश विमा कचेरीचा माणूस. अत-बाशीच्या खोऱ्यातली चार गावं त्याच्याकडे होती. या धंद्याला जीभ लागते, आणि नेमकी तीच देवाने त्याला देताना हात आखडता घेतला होता. "तुम्ही मेलात तर" हे शब्द कुणाच्या तोंडावर म्हणणं त्याला कधी जमलं नाही. तो म्हणायचा, "उद्या समजा तुमचं घरी येणं झालं नाही..." लोकांना वाटायचं, बस चुकण्याचा विमा निघालाय.

"माझ्या पोराचं नाव तुर्दुबेक," एक धनगर त्याला म्हणाला होता. "तुर्दुबेक म्हणजे टिकला तो. आजीने जन्मतःच विमा उतरवलाय, तोही फुकटात. तू आणखी काय देणार?" मग त्याचा पडलेला चेहरा बघून तोच धनगर विमा घ्यायचा. खोऱ्यातले अर्धे विमे असे दया येऊन उतरवलेले होते.

एकोणीसशे शहात्तरच्या शरदात बुरुलने त्याला स्वतःहून घरी बोलावलं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. स्वतःच्या पगारातून तिला एसेनसाठी, थोरल्या मुलासाठी, विमा हवा होता. पोरगा अठरा वर्षांचा झाला की कागद त्याच्या हातात पडणार आणि हजार रुबल मिळणार. मुकाशचं सरकारी पेन थंडीने गोठलं होतं, म्हणून बुरुलने ओढणीआडून स्वतःचं काढून दिलं. तो भराभर लिहीत सातव्या ओळीवर आला. मुलाशी नातं.

"आई लिहितो," तो म्हणाला.

"नको. वहिनी लिहा."

मुकाशने मान वर केली नाही. पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, ही रीत त्याच्याही घरात होती. दूध सुटलं की पोर सासूच्या मांडीवर जातं, तिला आई म्हणतं, आणि जिने जन्म दिला तिला वहिनी. त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. सुनेला रडायचंच असेल तर गोठा आहे.

कोपऱ्यात चुलीला पाठ लावून बुरुलची सासू तुर्दुकान बसली होती, मांडीवर दोन वर्षांचा एसेन. "काय लिहिलंस रे?" तिने विचारलं.

"वहिनी, आजी."

"बरोबर लिहिलंस. अक्षर जरा चांगलं काढ."

मुकाश निघाला तशी बुरुल फाटकापर्यंत आली. "हे बदलता येतं का, मुकाशभाऊ?"

"दरवर्षी तपासायचंच असतं. कुटुंब वाढतं, गरजा बदलतात. नियम आहे तसा."

"मग दरवर्षी या. कागद एसेनच्या हातात पडायच्या आत ती ओळ नीट व्हायला हवी. त्याला माहीत होईलच, गावात कोण लपवतं? पण कुठेतरी लिहिलेलं असावं." तिने घराकडे पाहिलं. "फक्त म्हातारीच्या डोळ्यांदेखत नको."

म्हातारी सत्याहत्तरची होती, एसेन दोनचा. हातात सोळा वर्षं. दोघांनीही मनातल्या मनात बेरीज केली आणि दोघांनाही एकमेकांची लाज वाटली. "बरं, पेन," बुरुल म्हणाली. मुकाशने ते नकळत खिशात घातलं होतं.

मग दरवर्षी तपासणी झाली. मातीचं छप्पर जाऊन पत्रा आला, विम्याची रक्कम वाढवली. गाय बदलली. आणखी दोन पोरं झाली, त्यांच्या कागदांवर मुकाशने न विचारता आई लिहून टाकलं. नवरा जुनुश याने मोटरसायकल घेतली आणि दोन महिन्यांत ओढ्यात घातली. कचेरीला त्याची भरपाई मोटरसायकलीपेक्षा महाग पडली. शेवटी मुकाश खाली बघत विचारायचा, "सातव्या ओळीत काही बदल?"

"अजून नाही."

कोपऱ्यातून आवाज यायचा, "ए कचेरीवाल्या, तुझ्याकडे माझ्यासाठी नाही का एखादा विमा?"

"सत्तरीपुढे घेत नाहीत, आजी."

"मग दरवर्षी येऊन माझं तोंड का निरखतोस? घोड्याचे दात बघतोयस का?"

मुकाशच्या हातून चहा सांडायचा. बुरुल शांतपणे पुसून घ्यायची आणि पेन परत मागायची.

तुर्दुकान ऐंशीची झाली, पंच्याऐंशीची झाली. नव्वदाव्या वर्षी ती पडली, खुबा मोडला, सगळ्यांनी आशा सोडली. वसंतात ती काठी घेऊन कोंबड्या हाकत होती. उभ्या खोऱ्यात विमा नसलेली ती एकटीच, आणि मोडेना तीही एकटीच.

त्याऐवजी राज्य मोडलं. त्याचा विमा कुणी उतरवला नव्हता. एसेन अठरा वर्षांचा झाला तेव्हा हजार रुबलला जेमतेम किंमत उरली होती. पुढच्या वर्षी रुबल जाऊन सोम हे नवं चलन आलं आणि हजाराचे झाले पाच. तेवढे उचलायला नारिन शहरापर्यंत बसने जाणं म्हणजे पदरचे घालून येणं. एसेन गेलाच नाही. कचेरीच्या खोलीत चिनी चपलांचं दुकान निघालं, आणि त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर बसून मुकाश चपला विकू लागला. ज्यांनी दया येऊन विमे घेतले होते त्यांनी दया येऊनच त्याला शिव्या घातल्या नाहीत. त्याने मात्र त्या गावांकडे फिरकणं सोडलं.

शहाण्णवच्या शरदात बुरुलच दुकानात आली. काळी ओढणी होती. तुर्दुकान सत्त्याण्णव वर्षांची होऊन गेली होती, आणि चाळिसाव्या दिवसाचा विधी आदल्या शुक्रवारी झाला होता. बुरुलने पिठाच्या फडक्यातून कागद काढला.

"तपासणीला आलेय."

मुकाश उठून उभा राहिला. "वहिनी, याला आता काही किंमत नाही. कचेरीच नाही. शिक्का नाही."

"चारशे चपला विकता, एक ओळ लिहिता येत नाही?"

"माझी सही चालणार नाही."

"कुठे चालायला हवीय? मी काय पाच सोम मागायला आलेय?" तिने पेन पुढे केलं. "म्हातारीने चांगली वागवली मला. शेवटी शेवटी घास मीच भरवत होते. ती असताना हे केलं असतं तर तोंडात घास कसा दिला असता? आता लिहा. अक्षर जरा चांगलं काढा."

मुकाशने आयुष्यभर एकही नियम मोडला नव्हता, बहुतेक धाडस नव्हतं म्हणूनच. त्याने पट्टी घेतली, 'वहिनी'वर सरळ रेघ मारली, शेजारी 'आई' लिहिलं, बाजूला तारीख घातली आणि नसलेल्या कचेरीच्या वतीने सही केली. अक्षर मात्र याही वेळी वाईटच आलं.

आठवड्याने ती मोजे विकत घ्यायला आली. त्याला विचारल्यावाचून राहवेना. "काय म्हणाला एसेन?"

"ट्रॅक्टरखाली होता. बाहेर आला, हात पुसले, बराच वेळ वाचत बसला." बुरुलने मोज्यांची जोडी उजेडात धरली. "मग म्हणाला, 'वहिनी, यात माझं जन्मसाल चुकलंय.'"

मुकाशने बोटांवर साल मोजलं. वीस वर्षं तो सातवी ओळ तपासत होता, आणि तिसऱ्या ओळीत चौऱ्याहत्तरचं पंच्याहत्तर होऊन बसलं होतं.

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, विमावाल्यांच्या कानावर घालते." ती हसत होती की काय, ओढणीमुळे कळेना. "कागद त्याने ट्रॅक्टरच्या कागदांत ठेवलाय. मागितला तर दिला नाही."

पुढेही एसेन तिला वहिनीच म्हणत राहिला. वीस वर्षं वळलेली जीभ एका रेघेने थोडीच वळते?

दोन हजार तीनच्या शरदात तो बाप झाला. मुकाश तेव्हा पुन्हा विमावाला झाला होता. राजधानीतल्या एका नव्या कंपनीने चपलांच्या खोक्यांशेजारी चकचकीत अर्जांचा गठ्ठा आणून ठेवला होता. बुरुल आत आली ती काखेत दुलईची गुंडाळी घेऊन. गुंडाळी शिंकली.

"पोर तुमच्याकडेच?" मुकाशने विचारलं.

"मग कुणाकडे? पहिलं आहे. दूध आईकडे, बाकी माझ्याकडे."

मुकाशच्या मनात काय होतं कुणास ठाऊक, पण ते त्याच्या तोंडावर दिसलं असावं.

"असं काय बघता?" बुरुल म्हणाली. "माझा माझ्या मांडीवर पुरती दोन वर्षंही नव्हता. उरलेलं कुठून आणू? मी काही पीर नाही, मुकाशभाऊ."

"बरं. नातं काय लिहू? आई?"

"आजी लिहा. आणि आईच्या जागी सुनेचं, चिनाराचं नाव. आत्ताच, पहिल्या दिवशी. नंतर खाडाखोड नको, तेव्हा तुम्ही असाल नसाल, मी असेन नसेन."

"सुनबाईंना सांगितलंय?"

"तिची प्रत वेगळी काढा. गोठ्यात जाईल तेव्हा खिशात असू दे."

त्याने दोन प्रती काढल्या. जन्मसाल तीन वेळा पडताळलं, तिने चौथ्यांदा. पोराने तेवढ्यात अर्जाचा एक कोपरा चोखून मऊ केला. मुकाशने विचारलं, "तुमच्या स्वतःच्या नावावर काही? वयात अजून बसताय." ती म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. त्यानंतरच्या जानेवारीत, बर्फ छपरापर्यंत आलं असताना, तिला न्युमोनिया झाला आणि दवाखान्याची गाडी खिंड ओलांडू शकली नाही.

पण त्या दिवशी तिने दोन्ही प्रती घडी घालून दुलईत सारल्या, पोराच्या डोक्यावरून कापड ओढलं, आणि दारापर्यंत जाऊन वळली.

"मुकाशभाऊ, पेन."

"हो, हो. हे घ्या."