बंपरचा हूक

वेल्डरने मेहुण्याच्या जीपचा हूक नुसत्या बंपरच्या पत्र्याला जोडून दिला होता. घरचंच काम, म्हणून उरकून टाकलं. पुढे चिखलात रुतलेली जीप ओढताना हूक उखडून उडाला आणि बाजूला उभ्या मेहुण्याचा हात मोडला.

हात बरा होताच मेहुणा पुन्हा त्याच्याच दारात आला. "दाजी, आता जरा मजबूत करून द्या."

वेल्डरने मान खाली घालून जाड प्लेट थेट चॅसिसला बोल्टने आवळली; हूक तिच्यावर वेल्ड करायचा बाकी होता. मग त्याला राहवेना. "चूक माझी होती रे."

"ठाऊक आहे. उखडलेला हूक पाहिला ना मी, नुसत्या पत्र्याला होता. ताईला तेवढं सांगू नका, फाडून खाईल तुम्हाला."

वेल्डरला हसताही येईना. त्याने वेल्डिंगची काळी काच तोंडावर ओढली.