कापडाला हात लाव, आक्का

माझ्या भावजयीचा, शोभाचा फोन मंगळवारी सकाळी साडेअकराला आला. मी बेळगावला टिळकवाडीतल्या घरी भाजी निवडत बसले होते. "आक्का, लौकर या... हे गेले," एवढंच ती बोलली आणि मागून बायकांचा रडण्याचा आवाज आला. सख्खा धाकटा भाऊ गेल्याचं कळल्यावर माणूस काय करतं? रडतं, मटकन खाली बसतं. मी विचारलं, "कसा गेला? शोभा, आधी मला सांग, कसा गेला?" तोपर्यंत फोन दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात गेला होता आणि तो बंद झाला. टिळकवाडी ते वडगाव रिक्षानं पंधरा मिनिटांचा रस्ता. त्या पंधरा मिनिटांत मी देवाला एकच सांगत होते, गेला तर गेला, पण त्यानं स्वतः काही करून घेतलेलं नसू दे. आज दीड महिन्यानं हे लिहिताना लाज वाटते. पण गेली सात वर्षं आमच्या घरातला प्रत्येक फोन मी याच भीतीनं उचलत होते, तर ते लपवायचं कशाला?

सदा, म्हणजे सदाशिव, वडगावात साड्या विणायचा. दोन यंत्रमाग, बायको शोभा आडव्या धाग्याच्या कांड्या भरायला, लेक धारवाडला शिकायला. बोलायला भारी खट्याळ. मी मास्तरीण म्हणून मला चिडवायचा, "आक्का, तू पोरांस्नी फळ्यावर शिकीवतीस, मी धाग्यास्नी मागावर शिकीवतो. माझी पोरं तरी सरळ ऱ्हातात." आमच्या गल्लीत प्रत्येक घराच्या मागाचा आवाज वेगळा. लहानपणापासून सवय अशी, की घरात शिरायच्या आधीच कळायचं, कुणाचा माग चालू आणि कुणाचा बंद. चालू असला की त्या घरात सगळं ठीक आहे असं आम्ही धरून चालायचो.

सात वर्षांपूर्वी सदाचा माग सारखा बंद पडायला लागला. आधी वाटलं, वीज नसेल, धागा तुटला असेल. मग शोभा म्हणाली, पहाटे चारला उठून नुसते आढ्याकडं बघत बसतात, जेवणाला चव नाही म्हणतात, दाढी करा म्हटलं की रडतात. पोटाच्या डॉक्टरला दाखवलं, रक्त तपासलं, काही निघालं नाही. शेजारणीनं लिंबू उतरवून टाकलं. आणि मी? बत्तीस वर्षं पोरांना शिकवलेली बाई! मी त्याला समोर बसवून झाडलं. "काय कमी आहे रं तुला? आळस झटक, ऊठ, मागावर बस." तो मान खाली घालून म्हणाला, "आक्का, हात उचलत न्हाय गं. लई जड झालाय." मला ते सोंग वाटलं. काय म्हणायचं माझ्या अकलेला!

शेवटी एका सहकारी शिक्षिकेनं कान उपटले आणि आम्ही त्याला मनोविकारतज्ज्ञांकडं नेलं. बाई तरुण होत्या, शोभाशी कानडीत आणि आमच्याशी मराठीत बोलायच्या. सगळं ऐकून घेतलं आणि अगदी शांतपणे सदाला विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का? तसं काही ठरवलंय का?" मी खुर्चीतून उठलेच. म्हटलं, अहो, नसलेलं कशाला डोक्यात घालताय त्याच्या? तेवढ्यात सदा बोलला, "वाटतंय. रोज वाटतंय. ठरिवलं न्हाय अजून." शोभानं माझा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "विचारल्यामुळं तो विचार येत नाही. आलेला असतो, तो बोलायला माणूस मिळतं." मग त्यांनी समजावलं, की याला नैराश्याचा आजार म्हणतात, हा आळस नव्हे आणि भुताटकीही नव्हे. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, आधी तोंड कोरडं पडेल, झोप येईल, तरी सोडायच्या नाहीत. तोवर त्याला एकटं ठेवायचं नाही, गोळ्या शोभानं आपल्याजवळ ठेवायच्या. आणि बरं वाटायला लागलं तरी डॉक्टरांना न विचारता बंद करायच्या नाहीत.

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. चांगलं ऐकलं होतं. सहा महिन्यांत सदा पूर्वीसारखा झाला, माग दिवसभर चालायला लागला, मला पुन्हा चिडवायला लागला. तेव्हा मीच म्हटलं, "पुरे कर आता त्या गोळ्या. जन्मभर का खायच्यात?" थोरल्या बहिणीचा शब्द! त्यानं ऐकला. शोभाला ते पटलं नव्हतं, पण तिनंही माझ्यापुढं तोंड उघडलं नाही. मी तेव्हा निपाणीच्या शाळेत होते, खोली करून राहायची. रोज मधल्या सुट्टीत फोन करायची. मागून खटाखट आवाज यायचा. "काय रं, बरा आहेस?" "व्हय, बरा हाय." आवाज चालू म्हणजे सदा बरा, माझा जीव भांड्यात पडायचा. असे दोन-अडीच महिने गेले.

एका दुपारी शाळा लवकर सुटली म्हणून मी न कळवता बेळगावची बस धरली. शोभा बाजारात गेली होती. गल्लीच्या तोंडाशीच त्याच्या मागाचा आवाज ओळखला आणि हसतच आत शिरले. माग चालू होता. सदा समोर स्टुलावर बसला होता, हात मांडीवर. धोटा इकडून तिकडं पळत होता, पण त्यात कांडीच नव्हती! आडवा धागाच नाही, तर कापड कुठलं? फणी नुसत्या उभ्या धाग्यांवर आपटत होती. कांडी संपली की माग आपोआप थांबवणारी पट्टी त्यानं सुतळीनं बांधून ठेवली होती. मी बटण बंद केलं. इतकं सामसूम झालं, की मलाच भीती वाटली. म्हणाला, "माग थांबला की गल्ली विचारतीया, सदा काय झालं? तू विचारतीस. शोभा रडतीया. म्हणून चालू ठिवलाय गं... ती घरात असली की कसंबसं इणतो, ती भाईर गेली की हे असं." मी जन्मभर मागाचा आवाज ऐकलेली बाई, आणि किती दिवस रिकामा माग ऐकून निर्धास्त झोपत होते. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलेला तोच प्रश्न विचारला, त्याच शब्दांत. तो म्हणाला, "व्हय. या येळी ठरिवलंय." शोभा परतेपर्यंत मी त्याचा हात सोडला नाही. त्याच संध्याकाळी त्याला दाखल केलं.

तीन आठवडे तो दवाखान्यात होता. औषध बदललं. बाहेर आल्यावर दर आठवड्याला समुपदेशकाशी बोलणं. त्यांनी विचारलं, तुमच्या कामातलं सगळ्यात लहान काम कोणतं? सदा म्हणाला, कांडी भरणं. "मग रोज एक कांडी. वाटो न वाटो." पहिले काही दिवस ती एक कांडी भरायला त्याला अर्धा दिवस लागायचा. पुढं विणायला लागल्यावर रोज सकाळी माग सुरू करताना तो काठाला लाल दोऱ्याची गाठ मारायचा, त्या दिवसाची. रविवारी मी गेले की म्हणायचा, "कापडाला हात लाव, आक्का. नुसतं ऐकू नगंस." मी गाठीपासून पुढं बोटं फिरवायची. वाईट दिवस पुढंही आले, पण ते आले की तो सांगायचा. गोळ्या चालू राहिल्या. मी त्यावर पुन्हा एक अक्षर बोलले नाही.

...त्या मंगळवारी रिक्षातून उतरले तेव्हा त्याचा माग बंद होता. गल्लीतले सगळेच माग बंद होते, कुणी मयत झालं की बंद ठेवतात. शोभा मला बघून उठली आणि रडायच्या आधी तिनं माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं, "आक्का, छातीत कळ आली. मी शेजारीच कांड्या भरत हुते. पाणी मागितलं आणि..." डॉक्टर येऊन गेले होते, हृदयविकार म्हणाले. मी तिच्या गळ्यात पडून मोठ्यांदा रडले. दुःख तर होतंच, पण त्यात सुटकाही होती, हे शोभाला कळलं, कारण ती माझ्या कानात म्हणाली, "त्या आजारानं न्हाय नेलं त्यास्नी."

तेरावा झाल्यावर शोभानं विचारलं, मागावरच्या साडीचं काय करायचं? शेजारचे आप्पा पुरी करून देतो म्हणत होते. मी मागाजवळ गेले. त्या मंगळवारची लाल गाठ काठाला होती. तिच्यावर बोट ठेवलं आणि पुढं फिरवत नेलं. दीड हात कापड, घट्ट, कुठं एक धागा सुटलेला नाही. मग धोटा काढून बघितला. आत कांडी होती, अर्धी सरलेली.